सांगली ते दिल्ली : अंतर किती, विमानाला वेळ किती, आणि बसायचं कुठून?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आई-अण्णांना गुडगावला ताईकडं पाठवायचंय. अण्णांचे गुडघे गेलेत, आईला प्रवासात झोप लागत नाही. गेल्या वेळी मिरजेतून गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीनला गेले होते. दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस. परत आल्यावर आईनं जाहीर केलं, आता रेल्वे बास.

म्हणून विमान बघतोय. गूगलवर 'सांगली ते दिल्ली' टाकलं तर एक साइट म्हणते १,३२७ किलोमीटर, विमानाचा वेळ १ तास ३९ मिनिटं. दुसरी म्हणते अंतर तेवढंच, पण वेळ २ तास ९ मिनिटं. तिसरी साडेसोळाशेच्या पुढं किलोमीटर सांगते. आता सांगलीत विमानतळच नाही, तर हे एक तास एकोणचाळीस मिनिटांचं विमान उडतंय कुठून? आणि खरोखर जायचं तर पुणे धरू, कोल्हापूर धरू, की आणखी काही? अनुभवी लोकांनी सांगा.

शेरीनाला

आयर्विन पुलावरनं उडतंय ते. कृष्णेचं पाणी चाळीस फुटांवर गेलं की.

भूगोलाचे सर

विश्रामबागकर, त्या साइटनं खोटं काही सांगितलेलं नाही, फक्त निरुपयोगी सांगितलंय. आकडा कसा काढतात ते बघा, कागद-पेन्सिल पुरते.

सांगली साधारण १६.८५ उत्तर अक्षांशावर, ७४.५८ पूर्व रेखांशावर. दिल्लीचा विमानतळ २८.५६ आणि ७७.१० वर. अक्षांशातला फरक ११.७ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे उत्तरेकडं झाले १,३०० किलोमीटर. रेखांशातला फरक अडीच अंश. पण रेखांश ध्रुवाकडं जाताना जवळ येतात, त्यामुळं तिथं १११ धरून चालत नाही. सांगली-दिल्लीच्या मधल्या अक्षांशावर एक अंश जेमतेम १०२-१०३ किलोमीटर भरतो. म्हणजे पूर्वेकडं सुमारे २५८. आता पायथागोरस लावा : १,३०० चा वर्ग, २५८ चा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. सव्वातेराशेच्या आसपास उत्तर येतं. पृथ्वी गोल आहे म्हणून थोडा फरक पडतो, पण एवढ्या अंतराला तो किरकोळ.

आता १,३२७ ला ताशी ८०० नं भागा. १ तास ३९ मिनिटं! दुसऱ्या साइटनं त्यात चढण्या-उतरण्याचा म्हणून सरसकट अर्धा तास टाकला, झाले २ तास ९. तिसरी साइट रस्त्याचं अंतर देते. तिघांचंही गणित बरोबर आणि तिघांपैकी कुणालाच विमानतळाशी देणंघेणं नाही.

विश्रामबागकर

सर, दंडवत. दहावीला असं कुणी शिकवलं असतं तर भूगोल सोडला नसता.

धावपट्टी

मी पुण्यात लोहगाव विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये आहे, मूळ बुधगावचा. सरांच्या पुढचं मी सांगतो, कारण तिकिटावरचा वेळ हा आणखी वेगळाच प्रकार आहे.

पुणे-दिल्ली सरळ रेषेत साडेअकराशे किलोमीटरच्या थोडं वर. एअरबस ३२० जातीचं विमान वर गेल्यावर ताशी ८३०-८४० नं जातं. म्हणजे हिशोबानं १ तास २३ मिनिटं. तिकिटावर मात्र २ तास १० मिनिटं, कधी १५. मधला पाऊण तास कुठं जातो? तिकिटावर लिहिलेला वेळ हवेतला नसतोच. विमानाच्या चाकाखालच्या अडण्या काढून ते जागेवरून हललं तिथपासून, ते दिल्लीला जागेवर थांबून परत अडण्या लागल्या तिथपर्यंत. याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात मागं ढकलणं आलं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, पुढं दोन विमानं असली तर थांबणं आलं. पुणं हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टी एकच, तीही आमची नाही. त्यांची उड्डाणं असली की आपण थांबायचं.

वर गेल्यावरही लगेच ८४० नसतं. दहा हजार फुटांखाली वेग २५० नॉटच्या आत ठेवावा लागतो, म्हणजे ताशी ४६०-६५ किलोमीटर. चढताना हळू, उतरताना हळू. दिल्लीपासून दोनेकशे किलोमीटरवर उतरण सुरू होते आणि तिथं गर्दी असली तर आकाशात घिरट्या. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी हवा भरून ठेवतात. पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर डीजीसीएच्या, म्हणजे सरकारी विमान वाहतूक खात्याच्या, हिशोबात विमान वेळेवर. मग दहा मिनिटं जास्तच लिहिलेली बरी! म्हणून कधीकधी पायलट अभिमानानं सांगतो की आपण वेळेआधी पोचलो. टाळ्या वाजवू नका.

जाता जाता : अण्णांना लोहगावच्या धावपट्टीवर खिडकीतून फोटो काढू देऊ नका. लष्करी तळ आहे, मनाई आहे.

गलाईवाला_विटा

धावपट्टी भाऊ, लई भारी सांगितलंत. माझं कलकत्त्याला गलाईचं दुकान हाय. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली पोरं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलीत, हे इथं कुणाला सांगायला नको. वडील जायचे तेव्हा विट्याहून एसटीनं पुणं, पुण्यातनं आझाद हिंद एक्स्प्रेसनं हावडा, बरोबर दशम्या नि शेंगदाण्याची चटणी. आता पोरं पुण्यातनं विमानानं जातात नि दुपारी गाळायला बसतात.

माझा प्रश्न असा : पुणं-कलकत्ता जाताना अडीच तास आणि तेच विमान येताना वीस मिनिटं जास्त घेतंय. थंडीत तर जास्तच. आमचा एक कामगार म्हणतो कलकत्ता चढावर हाय!

भूगोलाचे सर

चढावर नाही हो. वारा आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला. जाताना तो पाठीवर, येताना तोंडावर. विमानाचा हवेतला वेग तोच राहतो, जमिनीवरून मोजलेला बदलतो. पावसाळ्यात हा वारा हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर उलटा, पूर्वेकडून येणारा जेट तयार होतो. तो आपल्याच पी. कोटेश्वरम् या हवामानशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात दाखवून दिला. जुलैत तुमच्या जाण्या-येण्यातला फरक कमी झालेला दिसेल, घड्याळ लावून बघा.

विश्रामबागकरांना याचा फारसा फरक नाही. त्यांचा प्रवास दक्षिणोत्तर आहे, वारा आडवा लागतो.

पेठनाका

हे सगळं ठीक हाय ओ, पण अण्णा विमानात बसणार दोन तास आणि माझ्या गाडीत बसणार सहा तास. त्याचं बोला की कोणतरी.

मी सांगली-पुणे विमानतळ भाडी मारतो. आमच्या धंद्यात हिशोब एकच : विमान सुटायच्या वेळेतनं आठ तास वजा करायचे, त्या वेळेला गाडी दारात. दोन तास आधी विमानतळावर, तास पुण्याच्या आतला, उरलेले पाच रस्त्याचे. सांगली-पुणं दोनशे पस्तीस किलोमीटर. मोकळ्या रस्त्याला चार तासांत कात्रज दिसतंय, पण मोकळा रस्ता कुणी बघितलाय? हायवेचं सहापदरीचं काम, कराडात कोल्हापूर नाक्याला पुलाचं काम, खंबाटकीत एखादा कंटेनर बंद पडला की संपलं. रविवारी संध्याकाळचं विमान असलं तर मी आठाचे नऊ करतो आणि गिऱ्हाईक कुरकुरलं तर सरळ नाही म्हणतो.

पुण्यात शिरताना नवले पूल नको. कात्रज-कोंढवा रस्त्यानं हडपसर, मगरपट्टा, खराडी, विमाननगर. सकाळी नऊच्या आत हडपसर पार पडलं तर पडलं.

अंकलीपूल

रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेलं तर? स्वारगेटला पहाटे उतरायचं, सकाळचं विमान.

पेठनाका

तरण्या पोरांना ठीक. पहाटे चारला स्वारगेटच्या पुलाखाली बॅगांवर बसलेले आई-अण्णा मला नाही बघवायचे. दिवसा असेल तर स्वारगेटला मेट्रोत बसून सिव्हिल कोर्टला बदलायचं, रामवाडीला उतरून पुढं रिक्षा. स्वस्त पडतं. पण गुडघे आणि बॅगा म्हटल्यावर नकोच.

अजिंक्यतारा_खाली

आम्हा सातारकरांना तुमच्याबद्दल सहानुभूती वाटते. इथून पुणं ११० किलोमीटर. जेवून निघतो, विमानात बसतो.

शेरीनाला

आणि खंबाटकीत पेढे वाटत बसता.

मिरज_जंक्शन

सगळे पुणं पुणं करताहेत, बेळगाव कुणी बोललंच नाही. सांबऱ्याच्या विमानतळावरून दिल्लीला थेट विमान २०२३ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालं. मिरजेतून म्हैसाळ, कागवाड, चिकोडी करत संकेश्वरला हायवेला लागायचं. सांगलीतून सगळं मिळून सव्वाशे ते दीडशे किलोमीटर, कुठून जाल त्यावर. तीन-सव्वातीन तास. विमानतळ छोटा, दारातून आत गेलं की दहा मिनिटांत सुरक्षा तपासणी उरकते. दीड तास आधी पोचलं तरी पुरतं.

विश्रामबागकर

पण बेळगाव तर आणखी दक्षिणेला. म्हणजे दिल्लीच्या उलट दिशेला शंभरावर किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत उडून यायचं?

मिरज_जंक्शन

तिथंच तर गंमत आहे. बेळगाव-दिल्ली हवेतून १,४३५ किलोमीटरच्या आसपास. पुण्यापेक्षा पावणेतीनशे जास्त. विमानाला हे पावणेतीनशे म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. तिकिटावर २ तास ३५-४० मिनिटं दिसतील.

आता घरापासून धरा. पुण्यावरून : गाडीत सहा तास, विमानतळावर दोन, विमानात सव्वादोन, उतरून बॅग घेऊन गुडगावला पोचायला सव्वा-दीड तास. पावणेबारा. बेळगाववरून : गाडीत सव्वातीन, विमानतळावर दीड, विमानात पावणेतीन धरा, तिकडं तेच दीड. नऊ तास. विमानातला अर्धा तास वाढला आणि घरापासूनचे पावणेतीन तास वाचले. गुडघ्यांना विचारा काय हवंय ते.

अडचण एवढीच की पुण्याहून दिल्लीला सकाळपासून रात्रीपर्यंत विमानं आहेत, एक चुकलं तर दुसरं. बेळगावचं चुकलं किंवा रद्द झालं तर त्या दिवशीचा विषय संपला. आणि वेळापत्रक मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतं, त्यामुळं मागच्या वर्षी मेहुणा कधी गेला होता त्याला अर्थ नाही. जानेवारीची तारीख टाकूनच बघा.

पेठनाका

बेळगावला जायचं तर गाडीचं परमिट आणि कर्नाटकचा टॅक्स भरलाय का ते आधी विचारून घ्या. कागवाडला अडवल्यावर वाद घालत बसायला वेळ नसतो. मी भरतो, सगळे भरत नाहीत.

रंकाळा_५५

कोल्हापूर राहिलं! सांगलीहून उजळाईवाडीचा विमानतळ पन्नासेक किलोमीटर, जयसिंगपूर-हातकणंगले-अतिग्रे करत दीड तास. राजाराम महाराजांनी १९३९ साली सुरू केलेला विमानतळ. मार्च २०२४ मध्ये नवी इमारत झाली, दगडी कमानी वगैरे, बघण्यासारखी आहे. मुंबई, हैदराबाद, बंगळूरला विमानं आहेत.

विश्रामबागकर

दिल्ली थेट नाही ना?

रंकाळा_५५

थेट नाही, बदलून.

धावपट्टी

कोल्हापूरची धावपट्टी पूर्वी १,३७० मीटर होती, ती १,९३० केली. त्यावर एटीआर आणि एम्ब्रेअरसारखी छोटी विमानं आरामात उतरतात, पण भरलेली एअरबस थेट दिल्लीला न्यायला ती तोकडी पडते. म्हणून आणखी लांबवायचं चाललंय.

बदलून जायचं तर दिशेकडं बघा. मुंबईवरून : कोल्हापूर-मुंबई ३१०, मुंबई-दिल्ली ११४०, मिळून साडेचौदाशे. हैदराबादवरून : ४४५ आणि १,२६५, म्हणजे सतराशेच्या वर. त्यात कोल्हापूर-हैदराबाद बहुधा एटीआर, पंख्याचं विमान, ताशी पाचशेच्या आसपास. ४४५ किलोमीटरला तिकिटावर तास-सव्वा तास सहज. बंगळूरवरून तर आधी दक्षिणेला ५३० आणि मग उत्तरेला १,७०० हून जास्त; ते कुणी सुचवलं तर त्याच्याशी बोलणं बंद करा.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं : दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्या. मग बॅग कोल्हापुरात दिली की दिल्लीत मिळते आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीनं करायची. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली तर मुंबईत बॅग घ्या, बाहेर या, टर्मिनल वेगळं असलं तर टॅक्सी करा, परत रांगेत उभं राहा. दुसरं विमान तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. ज्येष्ठांच्या बाबतीत हे प्रकार रोज बघतो, फार वाईट वाटतं.

हळदीचा_वायदा

एवढं सगळं करण्यापेक्षा कवलापूरला विमानतळ केला असता तर? तासगाव रोडला जुनी धावपट्टी पडून आहे, पिढ्यानपिढ्या निवडणुकीला तिच्यावरच भाषणं होतात.

अजिंक्यतारा_खाली

मग आमच्या कराडची वारुंजीची धावपट्टी काय वाईट? कोयना धरणाच्या वेळची.

हळदीचा_वायदा

कराडला कोण येणार उडायला?

अजिंक्यतारा_खाली

सांगलीला कोण येणार उतरायला?

शेरीनाला

🍿

कृष्णाकाठ (संपादक)

कवलापूर विरुद्ध कराड यासाठी वेगळा धागा आहे, तिथं आधीच दोनशेवर प्रतिसाद पडलेत, अजून धावपट्टी लांबलेली नाही. इथं दिल्लीचंच बोला.

मिरज_ओपीडी

डॉक्टर म्हणून दोन शब्द. विमानात आतला दाब जमिनीवरचा नसतो, साधारण सात-आठ हजार फूट उंचीवर असल्यासारखा असतो. निरोगी ज्येष्ठांना त्रास होत नाही. पण अण्णांना दम लागण्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल, नुकती शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिकिटाआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. उतरताना कान दडपतात, गोळी चघळायला द्या, सर्दी असेल तर नाकाचे थेंब अर्धा तास आधी.

गुडघ्यांसाठी कडेचं आसन मागा आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. पुष्कळ काकांना व्हीलचेअर म्हणजे कमीपणा वाटतो. दिल्लीचं टर्मिनल ३ एकदा चालून बघितलं की तो जातो. माझ्या मते मात्र खरा त्रास विमानात नाही, गाडीत आहे. पाच तास गुडघे मुडपून बसल्यावर सूज येते. दर दीड तासाला उतरवून पाच मिनिटं चालवा, ड्रायव्हर कितीही घाईत असला तरी.

पेठनाका

डॉक्टरसाहेब, आम्ही थांबतो हो. चहा आम्हालाबी लागतो.

नोएडाकर_मूळ_तासगाव

मी दिल्लीकडून सांगतो. जानेवारीचा दुसरा आठवडा म्हणजे धुक्याचा भर. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर दाट धुक्यात उतरायची यंत्रणा आहे, पण विमान आणि वैमानिक दोघंही त्यासाठी पात्र लागतात, आणि पात्र असले तरी दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं. सकाळच्या पहिल्या काही तासांत उशीर झाला की तो दिवसभर पुढं सरकत राहतो, कारण तेच विमान दिवसात चार-पाच शहरं फिरतं. तुमच्या पुण्यात कडक ऊन असतं आणि विमान दिल्लीत अडकलेलं असतं.

धुकं साधारण मध्यरात्रीनंतर दाटतं आणि अकरा-बाराच्या सुमारास उठतं. म्हणून दिल्लीला दुपारी एक ते पाचच्या दरम्यान पोचणारं विमान बघा. रात्री दहानंतर पोचणारं टाळा. बेळगावचं त्या वेळेत बसत असेल तर डोळे झाकून बेळगाव. नसेल तर पुण्याचं दुपारचं. ताई गुडगावला आहे ते बरं आहे, विमानतळाचं टोक तिच्याकडंच आहे. माझ्याकडं नोएडाला यायचं असतं तर संध्याकाळी आणखी दीड तास धरा म्हटलं असतं.

आणि स्वेटर हातातल्या बॅगेत. पुण्यातून शर्टावर निघतात आणि दिल्लीत बॅग येईपर्यंत कुडकुडतात.

भडंगप्रेमी

सामानाचं कुणी बोललं नाही. देशातल्या विमानात बहुतेक तिकिटांवर १५ किलो खाली आणि ७ किलो हातात. सांगलीकराच्या १५ किलोत भडंग किती, बेदाणे किती, हळद किती आणि कपडे किती हा घरगुती वाद असतो. भडंगाला वजन नाही पण जागा लागते. लोणचं हातातल्या बॅगेत नेऊ नका, तेल गळतं आणि तपासणीला काढून ठेवतात. मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. सुकं खोबरं नेऊ नका, ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. पॉवर बँक उलट : ती हातातच, खाली दिलेल्या बॅगेत चालत नाही.

आईचा_डबा

सुकं खोबरं पेट घेणारं? आमच्याकडं तर कांदा-लसूण मसाल्यात किलोभर असतं!

भडंगप्रेमी

मसाला झाल्यावर न्या ताई. वाट्या नेऊ नका.

परदेशी_पाखरू

थोडं अवांतर. मुलगा लंडनला आहे. सरळ रेषेचा हिशोब तिकडं तर अजूनच फसतो. दिल्ली-लंडन ६,७०० किलोमीटर, पण एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना आकाश बंद केलंय, त्यामुळं आपली विमानं दक्षिणेकडून वळसा घालून जातात आणि वेळ वाढतो. परदेशी कंपनीचं विमान त्याच दिवशी त्याच दोन शहरांमध्ये कमी वेळात पोचतं. अंतर दाखवणाऱ्या साइटवर मात्र दोघांनाही तोच आकडा.

विश्रामबागकर

सगळ्यांचे आभार. काल आई-अण्णांसमोर हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. अण्णांना वाऱ्याचं प्रकरण फार आवडलं. आईचा मुद्दा वेगळाच निघाला : पुण्याला धनकवडीत मावशी आहे, तिच्याकडं आदल्या दिवशी जायचं, रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान. म्हणजे गाडीतले सहा तास एका दिवशी, विमान दुसऱ्या दिवशी. तासांच्या हिशोबात हा सगळ्यांत लांबचा मार्ग आहे, पण तिला तासांचं काही पडलेलं नाही, मावशीचं पडलंय.

अण्णा बेळगावच्या बाजूनं आहेत. शेवटी असं ठरवलं की जाताना पुणे, मावशीकडं मुक्काम. फेब्रुवारीअखेर परत येताना बेळगाव, कारण येताना मावशीकडं उतरायची घाई नाही आणि घराची ओढ जास्त. येतानाचं बेळगावचं तिकीट एकाच टप्प्याचं, थेट आहे. पेठनाका भाऊ, दोन्ही वेळेला गाडी तुमचीच, व्यक्तिगत निरोप केलाय. कर्नाटकचा टॅक्स तेवढा भरून ठेवा.

मिरज_ओपीडी

उत्तम. मावशीकडच्या पायऱ्या किती मजल्यांच्या आहेत तेवढं विचारा.

विश्रामबागकर

तिसरा मजला. लिफ्ट आहे. बंद असते.

पेठनाका

निरोप बघितला. तारीख लिहून ठेवली. धनकवडीला सोडायचं तर मग कात्रजलाच उतरतो, हडपसरचा फेरा वाचला. पाच तासांत पोचवतो, डॉक्टरांचे दोन चहा धरून.

डाळिंब_आटपाडी

धागा संपायच्या आत माझं पण सांगा की. धाकटा भाऊ कोइमतूरला गलाईलाच गेलाय, दुकानाचं उद्घाटन हाय. विट्याहून विमानानं कसं?

गलाईवाला_विटा

सांगली-कोइमतूर सरळ रेषेत सातशे किलोमीटर. साइट म्हणेल पन्नास-बावन्न मिनिटं, वाचून खूश व्हायचं नि सोडून द्यायचं. कोल्हापूर-बंगळूर ५३०, बंगळूर-कोइमतूर अडीचशे, मधी बंगळूरला किती थांबायला लागतंय त्यावर सगळं. एकाच तिकिटावर तीन तासांच्या आत जोडणी मिळाली तर घ्या.

न्हाई मिळाली तर आमची जुनी वाट : मिरजेतनं दुपारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस, दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूर. तिथनं कोइमतूरला वंदे भारत हाय, ती दुपारची. मधी आंघोळ-जेवण आरामात होतंय. उद्घाटनाला पेढे न्यायचे असतील तर रेल्वेच बरी, वजन कोण करत न्हाई.